एकदा ऑपरेशन झालेला गुडघा पुन्हा उघडतात का?



मागच्या खेपेला आपण गुडघेदुखीवर बोललो आणि त्यानंतर बऱ्याच गटांकडून प्रश्न आले. बहुतेक प्रश्न तेल कोणतं लावायचं, पट्टा बांधायचा का, असे होते. एक मात्र वेगळा होता. एका ताईंनी कळवलं होतं, “वय ५३. वीस वर्षांमागे आमच्या ह्यांच्या गाडीवरून पडले, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, आत स्क्रू आहेत. आता गुडघा पार झिजलाय, डॉक्टर वाटी बदला म्हणतात. जाऊबाई म्हणतात, एकदा चिरलेला गुडघा परत उघडत नसतात. खरं आहे का?”

नाही ताई, खरं नाही. उघडतात, सांधा बदलतात, आणि बहुतेक बायका त्यावर चांगल्या चालतातही. पण कोऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन वेगळं आणि आधी काम झालेल्या गुडघ्याचं वेगळं. हा फरक डॉक्टरांना आधी ठाऊक असला तर ते तयारीनिशी उभे राहतात. गुडघा उघडल्यावर कळला तर मग धावाधाव होते. आज त्याबद्दलच बोलू. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पाय हलवून घ्यायचं काम माझं. त्यामुळे पेशंटच्या खाटेजवळून जे दिसतं ते मी सांगणार.

आधी त्या ‘वाटी’चं बघू. वाटी म्हणजे गुडघ्याच्या पुढचं गोल हाड. आपण सगळे ‘वाटी बदलली’ म्हणतो, पण वाटी तर बहुतेक वेळा जागेवरच राहते, फार तर तिच्या मागे प्लास्टिकची चकती बसवतात. बदलतात ते सांध्याचे पृष्ठभाग. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांचा झिजलेला थर कापून त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मधे टणक प्लास्टिकची गादी घालतात. २००० साली तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात असाच बदलला होता, आणि पुढच्या वर्षी उजवा. तेव्हा घराघरात या ऑपरेशनची चर्चा झाली होती, तुमच्यातल्या काहींना आठवत असेल.

आता लिगामेंट. गुडघ्याच्या आत मधोमध दोन दोऱ्या एकमेकींवरून फुलीसारख्या गेलेल्या असतात, आणि आतल्या-बाहेरच्या बाजूंना आणखी दोन. फुलीतली पुढची दोरी सगळ्यात जास्त तुटते. वासराला दावं असतं तसंच हे दावं समजा. नडगीचं हाड पुढे पळू नये आणि वळताना गुडघा निसटू नये म्हणून ते बांधलेलं आहे. कबड्डीत पाय रोवून अंग वळलं, बांधावरून उडी मारताना पाय मुरगळला, गाडीवर एका अंगाला बसलेली बाई पडली, की हे दावं तुटतं. तुटताना काही जणींना ‘कट्’ असा आवाज येतो, गुडघा सुजतो. पुढे सूज उतरते, पण चालताना गुडघा मधेच दगा देतो.

तुटलेली दोरी शिवून सहसा टिकत नाही. म्हणून शरीरातूनच दुसरी दोरी घेतात. एक तर मांडीच्या मागच्या स्नायूची, नाहीतर वाटीखालच्या जाड पट्ट्याचा मधला तुकडा. दुर्बिणीने आत जाऊन मांडीच्या हाडात एक आणि नडगीत एक असे बोगदे पाडतात, त्यातून नवी दोरी ओवतात आणि ती पक्की राहावी म्हणून स्क्रू, बटण किंवा कधी पिना मारतात. चांगलं ऑपरेशन आहे. विनेश फोगाट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने स्ट्रेचरवरून बाहेर गेली, शस्त्रक्रिया झाली, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने कुस्तीचं सुवर्णपदक आणलं.

पण एक गैरसमज आहे. नवं दावं बसवलं म्हणजे गुडघा पहिल्यासारखा झाला, आता झिजणार नाही, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. ज्या फटक्याने दोरी तुटते, त्याच फटक्यात आतलं गुळगुळीत आवरण ठेचलेलं असतं, बऱ्याचदा चंद्रकोरीच्या आकाराची गादीही फाटलेली असते. स्वीडनमध्ये फुटबॉल खेळताना ही दोरी तुटलेल्या बायकांना १२ वर्षांनी पुन्हा तपासलं होतं. तो अभ्यास २००४ साली छापून आला. त्यांचं सरासरी वय होतं अवघं ३१. ज्यांचे एक्स-रे काढले त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या जणींच्या गुडघ्यात झीज दिसत होती. ज्यांचं ऑपरेशन झालेलं आणि ज्यांचं झालेलं नव्हतं, त्यांच्यात या बाबतीत फरक आढळला नाही. लिगामेंटचं ऑपरेशन गुडघ्याला स्थिर करतं, खेळायला, शेतात उतरायला परत पाठवतं. झीज अडवेल याची हमी देत नाही. म्हणून अशा बायकांवर सांधा बदलायची वेळ इतरांपेक्षा लवकर येते, पन्नाशीत, कधी त्याच्याही आधी.

आता मूळ प्रश्नाकडे. पहिल्या ऑपरेशनमुळे दुसरं अवघड का होतं?

एक तर ते स्क्रू. सांधा बदलताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक सळई घालून माप घेतात आणि मग करवतीने हाड नेमक्या कोनात कापतात. जुना स्क्रू त्या वाटेत आला तर काढावा लागतो, आणि वीस वर्षांनी तो हाडात रुतलेला असतो. मोटारीच्या इंजिनाचा नट खोलताना ज्या मापाचा नट त्याच मापाचा पाना लागतो ना, भलता पाना लावला की नटाचे कोन जातात, तसंच इथे. स्क्रू कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, हे कळलं तर त्याचं हत्यार आधी मागवता येतं. वाटेत न येणारा स्क्रू किंवा हाडाच्या बाहेरच्या अंगाला असलेलं बटण मात्र बहुतेक डॉक्टर हात न लावता तसंच ठेवतात. “सगळं लोखंड काढून टाका” असा हट्ट धरू नका. काढायचं म्हटलं की हाडही थोडं जातं.

काही स्क्रू हाडात विरघळणारे असतात, ते एक्स-रेत दिसतच नाहीत. पण बोगदा राहिलेला असतो, आणि काहींचा बोगदा वर्षांनुवर्षं रुंद होत गेलेला असतो. नवा सांधा पोकळ जागेवर कसा टेकणार? अशा वेळी तिथे हाडाचा भुगा भरावा लागतो किंवा सांध्याला खाली लांब दांडा जोडावा लागतो. तो दांडा त्या दिवशी ऑपरेशन थिएटरात हजर पाहिजे, म्हणजे आधी माहीत पाहिजे.

दुसरी अडचण आखडलेपणाची, आणि ही माझ्या कामाची. पहिल्या ऑपरेशननंतर व्यायाम नीट न झालेल्या बायकांचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही. आडवं झालं तर गुडघ्याखालून हात जातो. आतमधे चिवट तंतू माजलेले असतात. वाटीखालच्या पट्ट्यातून तुकडा काढलेला असेल तर तो पट्टा कधी कधी आखडतो आणि वाटी खाली ओढली जाते. मग डॉक्टरांना सांधा उघडून समोर घ्यायलाच कष्ट पडतात, वेळ जास्त लागतो. आणि सांधा बदलल्यावर गुडघा किती वाकेल हे बरंचसं तो आधी किती वाकत होता यावर असतं. आखडलेल्या गुडघ्याला नंतर पुन्हा आखडायची खोड असते. काहींना भूल देऊन गुडघा वाकवून द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट, चामडीवरचे जुने व्रण. गुडघ्यावरच्या कातडीला रक्त मुख्यतः आतल्या बाजूने येतं. जुना उभा व्रण आणि नवा छेद यांच्या मधे कातडीची अरुंद पट्टी उरली तर तिचं रक्त तुटतं, जखम काळी पडते. म्हणून डॉक्टर शक्यतो जुन्याच व्रणावरून जातात किंवा दोन्हींत पुरेसं अंतर ठेवतात. पहिल्या ऑपरेशननंतर कधी पू झाला होता, जखम वाहत होती, तर ते न विचारता सांगा. तेव्हाचे जंतू दबून बसलेले असू शकतात. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या करतात आणि गरज वाटली तर गुडघ्यातलं पाणी सुईने काढून तपासतात. नव्या सांध्यात जंतू शिरले तर तो बाहेर काढायची वेळ येते, त्यामुळे इथे लाजून किंवा ‘जुनी गोष्ट आहे’ म्हणून गप्प राहायचं नाही.

मधल्या फुलीतली पुढची दोरी सांधा बदलताना जवळजवळ नेहमी काढूनच टाकतात. म्हणजे इतक्या खटपटीने बसवलेलं ते दावं शेवटी जातं. पण बाजूच्या दोन दोऱ्या लागतातच, नवा सांधा त्यांच्याच आधाराने तोललेला राहतो. पूर्वीच्या अपघातात त्याही तुटल्या असतील तर साधा सांधा चालत नाही, आतून जास्त पकड असलेला घ्यावा लागतो. “तेव्हा नक्की कोणती दोरी तुटली होती?” असं डॉक्टर विचारतात ते यासाठी.

मग निकाल कसा लागतो? अशा आणि साध्या पेशंटांची तुलना वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांनी केली आहे. वेदना कमी होणं आणि चालणं, यात दोघींत फारसा फरक पडत नाही असं बहुतेकांना दिसलं. ऑपरेशनला वेळ मात्र जास्त लागतो, आणि काही ठिकाणी पुन्हा टेबलावर जायची वेळ अशा पेशंटांवर जास्त आली, त्यात जंतुसंसर्ग हे एक कारण होतं. माझ्या मते हे घाबरायचं कारण नाही, पण ‘जवळ आहे, स्वस्त आहे’ म्हणून कुठेही करून घेण्यासारखंही हे काम नाही. “आधी लिगामेंट झालेल्या गुडघ्याचे सांधे तुम्ही बदलले आहेत का?” असं डॉक्टरांना सरळ विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

वयाचाही विचार करा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकलेले आढळले. चांगलीच गोष्ट आहे. पण ब्रिटनमधल्या नोंदी असं सांगतात की सत्तरीनंतर सांधा बदलला तर शंभरातल्या साधारण ५ जणांना उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागतो, आणि पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या बायकांत हा आकडा २० च्या आसपास जातो. आयुष्य जास्त उरलंय, वापर जास्त आहे. म्हणून ५३ व्या वर्षी ‘करून टाका एकदाचं’ म्हणण्याआधी व्यायाम, वजन, काठी, गोळ्या हे सगळं मनापासून करून पाहिलं का, ते स्वतःला विचारा. करून झालं असेल आणि रात्रीची झोपही लागत नसेल, तर मात्र उगाच सहन करत बसू नका. फार उशीर केला की गुडघा आणखी वाकडा आणि आखडलेला होतो.

आता कागदांचं. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे सगळं आपल्याच हातात आहे.

पहिल्या ऑपरेशनचे कागद कोणाकडे आहेत? गटाच्या बैठकीत मी हे विचारते तेव्हा हशा पिकतो. पत्र्याच्या पेटीत होते, कसर लागली. घर बांधताना गेले. आणि खूप जणींचं उत्तर असतं, माहेरी असतील. मुलगी कॉलेजात कबड्डी खेळताना पडली, लग्नाआधी ऑपरेशन झालं, आणि सासरी कळायला नको म्हणून कागद माहेरच्या कपाटात गेले. काही घरांत नवऱ्यालाही सांगितलेलं नसतं. आई गेली, भावाने घर बदललं, कागद गेले. वर रुग्णालयातली नोंद माहेरच्या नावाने. वीस वर्षांनी सासरच्या नावाने विचारायला गेलं की कुठून सापडणार? विचारताना दोन्ही नावं आणि साल सांगायचं, हे ध्यानात ठेवा.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल पेशंटची नोंद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायची असते, आणि पेशंटने मागितली तर ७२ तासांत द्यायची असते. तीनच वर्षं! वीस वर्षांनी नोंद मिळाली तर नशीब. म्हणून तुमच्या घरात, गटात कोणा मुलीचं हे ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आत्ताच मागा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ‘ऑपरेशनची नोंद’ मागा. त्यात दोरी कुठून घेतली, बोगदे कुठे, गादी काढली की शिवली, हे लिहिलेलं असतं. स्क्रूच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलीत चिकटवतात, त्यावर कंपनी आणि माप असतं, त्याची प्रत घ्या. सगळ्याचे फोनवर फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवर पाठवून ठेवा. झेरॉक्स काही वर्षांत पुसट होते.

कागद मिळालेच नाहीत तरी हात टेकू नका. व्रण बोलतात. नडगीच्या वर आतल्या अंगाला दोन-तीन बोटांचा व्रण आणि वाटीच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके, म्हणजे बहुतेक मांडीची दोरी घेतलेली. वाटीपासून सरळ खाली उभा व्रण, म्हणजे बहुतेक वाटीखालचा पट्टा. एक्स-रेत धातू दिसतो, आणि सीटी स्कॅनमधे बोगदे किती रुंद झालेत ते कळतं. डॉक्टरांना साडी वर करून व्रण दाखवायला संकोचू नका. आणि लग्नाआधीची गोष्ट म्हणून लपवत असाल तर किमान डॉक्टरांना एकटं गाठून सांगा.

तारीख ठरली की तयारी करायची. मिशरी लावणाऱ्या ताईंना आधी सांगते, ती तंबाखूच आहे. तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि जुन्या व्रणाच्या कातडीला आधीच रक्त कमी. ऑपरेशनच्या आधी निदान महिनाभर आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत मिशरी बंद. दुखणारी दाढ दाखवून घ्या, लघवीला जळजळ असेल तर सांगा, टाचांच्या भेगा आणि बोटांमधल्या चिखल्या बऱ्या करून घ्या. जंतू तिथूनही आत जातात. साखर असेल तर ती ताब्यात येईपर्यंत तारीख पुढे ढकलली तरी चालेल.

आणि व्यायाम आजपासून. बहुतेक जणी दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतात. बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच राहायला शिकतो. उशी टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी राहू द्या आणि आपल्या वजनाने सरळ होऊ द्या, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. मग टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून गुडघ्याने खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. आडवं पडून टाच जमिनीवरून सरकवत कुल्ल्याकडे आणायची आणि परत न्यायची. ऑपरेशननंतरही पहिले काही दिवस हेच व्यायाम करायचे असतात, त्यामुळे आधी अंगवळणी पडलेल्या बायका तेव्हा रडत नाहीत. बहुतेकींना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. घरी गेल्यावर पोटरी सुजून दुखली, दम लागला, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला तर उद्यावर न टाकता रुग्णालयात जायचं.

खर्चाबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरली, जीएसटी वेगळा. त्याआधी तो सरासरी दीड लाखाच्या वर जात होता. आजचा आकडा रुग्णालयात लिहून मागा. पण ती किंमत फक्त सांध्याची. ऑपरेशन, खाट, भूल, औषधं वेगळी. आणि आपल्यासारख्या गुडघ्याला लांब दांडा, जास्त पकडीचा सांधा, स्क्रू काढायचा वेळ, असं काही वाढू शकतं. म्हणून अंदाजपत्रक मागताना “आधीचं ऑपरेशन धरून सांगा” असं म्हणायचं, नाहीतर गटातून काढलेलं कर्ज अर्ध्यातच संपतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं काम बसतं का आणि कुठल्या रुग्णालयात, ते योजनेच्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा.

जाता जाता दुसऱ्या एका गटातून आलेला प्रश्न घेते. त्यांची १७ वर्षांची मुलगी खो-खो खेळताना पडली, लिगामेंट तुटलंय, पुढे सांधा बदलावा लागेल या भीतीने ऑपरेशनच करू नये का? या भीतीने थांबू नका. गुडघा वारंवार दगा देत असेल तर दर वेळी आतली गादी आणखी फाटते, आणि गादी गेली की झीज फार वेगाने येते. डॉक्टरांना विचारा की गादी कापण्याऐवजी शिवता येईल का. ऑपरेशन झालंच तर गुडघा पूर्ण सरळ होतोय का याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. निदान नऊ महिने मैदानावर धाडू नका, स्पर्धा तोंडावर असली आणि सर कितीही म्हणाले तरी. कागद मात्र माहेरच्या कपाटात न ठेवता तिच्याच फाइलीत ठेवा, लग्नात तिच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर ती फाइलही द्या.